एकाच दांड्याचे तीन तुकडे आणि ऑक्सिजनचे तीन आकडे

तुमचा प्रश्न असा: अंबडच्या कारखान्यात आलेल्या ऑक्सिजन-फ्री तांब्याच्या (ग्रेड सी१०२००) एकाच दांड्याचे तीन तुकडे लॅबला दिले, ऑक्सिजनचे आकडे आले ६, १४ आणि २२ पीपीएम (वजनाच्या दहा लाख भागांत इतके भाग). मर्यादा १०ची, मग माल परत करायचा का?

इतक्यात नको. मला ६ हाच आकडा खऱ्याच्या जवळचा वाटतो. बाकी दोन्हींत तांब्याच्या पोटातल्यापेक्षा अंगावरचाच ऑक्सिजन जास्त मोजला गेला असावा.

हिशोब करून बघा. १ ग्रॅमच्या चौकोनी तुकड्याचा पृष्ठभाग साधारण १.४ चौरस सेंटिमीटर. त्यावर ऑक्साइडचा १० नॅनोमीटर थर असला, तरी त्यात जवळपास १ मायक्रोग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे सरळ १ पीपीएम. थर १०० नॅनोमीटर झाला की अख्खी मर्यादा नुसत्या सालीवरच संपते! करवतीचा खडबडीत काप असेल तर आणखी वाईट, आणि नाशिकच्या पावसाळी हवेत तांबं लवकर काळवंडतं.

म्हणून तुकडा लेथवर कूलंटशिवाय, हळू, गरम न होऊ देता काढा. स्वच्छ कानशीने सगळ्या बाजू घासा. मग पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये काही सेकंद बुडवा (फ्यूम हूडखालीच, तपकिरी धूर विषारी असतो), डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी ॲसिटोनने धुवा, गार हवेत वाळवा. यापुढे बोट लावायचं नाही, फक्त चिमटा. आणि लगेच मशीनवर.

मशीनमध्ये तुकडा हेलियमच्या प्रवाहात ग्रॅफाइटच्या क्रुसिबलमध्ये (वितळवायच्या छोट्या भांड्यात) वितळतो, ऑक्सिजन कार्बनशी जुळून वायू होतो आणि तो इन्फ्रारेडने मोजतात. क्रुसिबल आधी रिकामंच, मोजणीपेक्षा जास्त पॉवरवर तापवून घ्यावं लागतं, नाहीतर त्यातला ओलावाही आकड्यात येतो. पॉवर फार वाढवली तर तांब्याची वाफ वर जाऊन गार भागावर बसते, तो थर वायू धरून ठेवतो आणि आकडा कमी येतो.

खात्रीसाठी अर्ध्या आणि एक ग्रॅमचे तुकडे सारखेच तयार करून तपासा. लहान तुकड्याचे पीपीएम ठळकपणे जास्त आले, तर दोष पृष्ठभागाचा किंवा ब्लँकचा (तुकडा न घालता येणाऱ्या आकड्याचा). रिकाम्या क्रुसिबलचे चार-पाच ब्लँक स्थिर आले, तर पृष्ठभागाचाच.

हे झालं तांब्याचं. टायटॅनियमसाठी मात्र निकेलचा फ्लक्स (सोबत वितळवायचा धातू) लागतो, नाहीतर ऑक्सिजन पूर्ण सुटत नाही. सिलिकॉन वेफर वितळवायची सहसा गरजच नसते, इन्फ्रारेडमध्ये ११०७ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येला त्यातल्या ऑक्सिजनची रेघ दिसते. जास्त डोपिंग (मुद्दाम मिसळलेली अशुद्धता) असेल तर ती बुडते.

पुढच्या वेळी लॅबकडून तुकड्याचं वजन आणि ब्लँकचे आकडेही मागून घ्या.