बाथरूमच्या फरशीला टाइल नक्की किती घ्यायची?

प्रश्न: बाथरूम साडेचार बाय साडेसहा फूट, फुटाची अँटीस्किड टाइल. दुकानदार म्हणतो तीन पेट्या बास, मिस्त्री म्हणतो चार. कोणाचं ऐकू?

मिस्त्रीचं. दुकानदाराचा गुणाकार बरोबरे, २९.२५ स्क्वेअर फूट. पण आपण जिला फुटाची म्हणतो ती टाइल ३०० मिमीची असते, फूट असतो ३०५ चा, म्हणून १० नगांच्या पेटीत ९.६८ स्क्वेअर फूटच भरतं. ते एक सोडा, खरी गंमत कटिंगमध्ये. साडेचार फूट म्हणजे १३७२ मिमी, चार अख्ख्या टाइल बसल्या की उरतात १७२, सांधे धरले तर अजून थोडे कमी, पण तरी अर्ध्या टाइलपेक्षा जास्तच, म्हणजे एका टाइलमधून एकच तुकडा निघणार आणि उरलेली पट्टी गोणीत. लांबीलाही तेच, सहा अख्ख्या आणि एक कापलेली. ५ गुणिले ७, ३५ नग, तेही एकही फुटली नाही तर! तीन पेट्यांत येतात ३०. तुमच्या पेटीत नग वेगळे असतील तर बाहेर छापलेलं बघा.

प्रश्न: कमोडची जागा वजा करायची का?

अजिबात नको. टाइल कमोडखालीही जाते, आणि पाइपाभोवती गोल कापतानाच जास्त फुटतात.

प्रश्न: हॉलच्या दोन बाय दोनच्या उरल्यात, त्याच वापरू?

ग्लॉसी असतील तर नकोच, साबणाच्या पाण्यात आजी-आजोबा घसरतील. शिवाय नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चारी बाजूंनी उतार काढायचा तर एवढी मोठी टाइल तिरकी कापावी लागते, वाया जाते ती वेगळीच.

प्रश्न: डायमंडमध्ये, म्हणजे भिंतीला तिरकी बसवायचीय, किती जास्त घेऊ?

कडेला सगळे त्रिकोण येतात, १५ टक्के तरी धरा. छोट्या बाथरूममध्ये मला तर हा नाद फुकटचा वाटतो.

प्रश्न: उरलेल्या परत करू?

न फोडलेली पेटी दुकानदार घेत असेल तर द्या, पण पाच-सहा नग माळ्यावर ठेवा, पेटीवरचा बॅच नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून. माझ्या बहिणीकडे दोन वर्षांनी लीकेजसाठी कमोडसमोरच्या तीन टाइल फोडल्या, तोवर ते डिझाइन बंद झालेलं, मिळतंजुळतं म्हणून आणलेलं बसवलं. आता तिथे पायपुसणं कायमचं अंथरलेलं असतं.