शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर

प्रिय मुली,

अनेक शुभाशीर्वाद.

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याचे तू कळवलेस आणि ‘मी पुन्हा पहिल्यासारखी कधी होईन’ असेही विचारलेस, तेव्हा आधी त्याचेच उत्तर देते. स्तन काढून त्याच वेळी पुनर्रचना केली, म्हणजे त्या जागी नवा स्तन घडवला, तरी तयार होतो तो नवा आकार असतो. कपड्यांत तो छान दिसतो, पण पूर्वीची संवेदना त्यात बहुधा पूर्णपणे परतत नाही, कारण त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा स्तनाबरोबरच कापल्या जातात. सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना मी पाहिले आहे की, ज्यांना हे आधी कुणी सांगितलेले नसते, त्या जखमेपेक्षा या बधिरपणानेच जास्त हादरतात.

पुनर्रचनेचे मुख्य मार्ग दोन. एकात इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या आकाराची कृत्रिम पिशवी, बसवतात. पुष्कळदा आधी एक्सपांडर नावाची पिशवी ठेवून, दर एक-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात थोडे थोडे सलाइन भरून त्वचेला जागा करून घेतली जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत तिच्या जागी इम्प्लांट येते. तेही आयुष्यभर टिकेल असे धरून चालू नये. दुसऱ्या मार्गात पोटाची किंवा पाठीची त्वचा आणि चरबी, कधी स्नायूसह, छातीवर आणतात; अशा आणलेल्या भागाला फ्लॅप म्हणतात. पोटावरच्या डीआयईपी नावाच्या फ्लॅपमध्ये स्नायू जागेवर ठेवून रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. ही शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, आणि नंतरचा निदान एक दिवस तरी जवळजवळ तासातासाला फ्लॅपचा रंग, ऊब आणि रक्तप्रवाह तपासावा लागतो, त्यामुळे पहिल्या रात्री सलग झोप मिळणार नाही. तो त्रास सोसण्यासारखा असतो, कारण जोडलेली वाहिनी गोठून बंद झाली तर वेळेत कळण्यावरच सारे अवलंबून असते.

तुला रेडिएशन लागणार आहे का, या प्रश्नाचे वजन या निवडीत फार मोठे आहे. रेडिएशनमुळे इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेले वेष्टन आवळून कडक होण्याची शक्यता वाढते, म्हणून काही जणींना पुनर्रचना नंतर करण्याचा किंवा स्वतःच्याच ऊती वापरण्याचा सल्ला मिळतो. काखेतल्या लसीकाग्रंथींचा अहवाल हाती येईपर्यंत कधी कधी हे पक्के सांगताच येत नाही, तेव्हा कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन या दोघांचे मत एकमेकांना ठाऊक आहे ना, याची खात्री करून घे. प्लास्टिक सर्जनकडे त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांचे फोटो माग, आणि त्यातले साधारण निकालाचेही माग. उत्तम निकालाचे फोटो सगळेच दाखवतात. पुनर्रचना न करता छाती सपाट ठेवणे हाही पूर्ण पर्याय आहे. तो निवडणारीने हार मानली असे मला कधीही वाटलेले नाही.

तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तंबाखूची. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचेच्या कडा किंवा फ्लॅप मरू शकतो, म्हणून किमान चार आठवडे आधी धूम्रपान बंद हवे. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगमही सर्जनना सांगितल्याशिवाय चालू ठेवू नकोस. ॲस्पिरिन, हार्मोनच्या गोळ्या, वनौषधी, जीवनसत्त्वे, जे काही घेत असशील त्याची यादी लिहून दे. काय थांबवायचे ते त्यांनाच ठरवू दे. घरात रोजच्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेव, पुढून उघडणारे सैल कपडे काढून ठेव आणि केस कोण धुऊन देणार हे आधीच ठरव, कारण काही आठवडे हात डोक्यावर जाणार नाही.

जखमेतले पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण घरी आल्यावर सगळ्या जणी त्यालाच घाबरतात. काखेच्या खालून एक-दोन नळ्या बाहेर येतात आणि त्यांच्या टोकाला मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो. फुगा पूर्ण चेपून झाकण लावले की तो आतले पाणी खेचत राहतो. तो फुगलेला दिसला, तर खेच संपली असे समज. नळी साफ करताना त्वचेजवळ एका हाताने ती घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने गुठळ्या फुग्याकडे सरकवायच्या, म्हणजे टाक्यावर ताण येत नाही. पाणी दिवसातून दोनदा मोजून वहीत लिही. रंग लालवरून गुलाबी आणि मग पिवळसर होत जातो, आणि साधारणपणे 24 तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागले की बहुतेक सर्जन ड्रेन काढतात. नळी दाराच्या कडीत अडकून ओढली जाते, तेव्हा फुगा नेहमी कपड्याला पिन करून ठेव.

पहिल्या दिवसापासून बोटे, मनगट आणि कोपर हलवत राहा. खांदा किती उचलायचा हे मात्र सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तितकेच. पोटाचा फ्लॅप असेल तर सुरुवातीला वाकूनच चालावे लागते. ताठ होण्याची घाई नको. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध आधीच मागून घे. बधिर त्वचेवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नकोस, कारण भाजल्याचे कळतच नाही आणि फोड आल्यावर धावपळ होते. काही आठवड्यांनी काखेपासून कोपराकडे त्वचेखाली ताणलेल्या दोऱ्या लागू लागल्या, तर घाबरू नकोस. व्यायामाने त्या बहुधा सुटतात, पण फिजिओथेरपिस्टना दाखव.

38 अंश सेल्सियसपेक्षा जास्त ताप, पसरत जाणारी लाली, एकाएकी वाढलेली सूज किंवा फ्लॅपचा बदललेला रंग दिसला तर रात्र असली तरी फोन कर. दम लागला किंवा पोटरी दुखून सुजली, तर रक्ताच्या गुठळीची शक्यता असते; तेव्हा थेट तातडीच्या विभागात जा.

आरशात पहिल्यांदा कधी पाहायचे हे तूच ठरव, आणि त्या वेळी जवळ कोण हवे तेही. जे दिसेल ते सुजलेले, काळेनिळे आणि बहुधा उंच बसलेले असेल. आकार बसायला काही महिने लागतात, तोवर त्यावर मत बनवू नकोस. दुसऱ्या बाजूशी जुळवून घेणे, स्तनाग्र तयार करणे, रंगासाठी गोंदणे हे सारे नंतरचे टप्पे आहेत आणि त्यांपैकी कुठलाही सक्तीचा नाही. पुष्कळ जणी मध्येच थांबतात आणि समाधानी असतात.

एक्सपांडर असेपर्यंत एमआरआयची वेळ आली, तर आधी सांग, कारण बहुतेकांत चुंबक असतो. सिलिकॉनचे इम्प्लांट आत फुटले तरी बाहेरून काही जाणवत नाही असे होते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करण्याची शिफारस केली आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लिम्फोमा या लसीकासंस्थेच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराचा संबंध आढळल्याने 2019 मध्ये काही इम्प्लांट बाजारातून परत घेतली गेली, तेव्हा तुझ्यासाठी कोणत्या प्रकारचे आणणार आहेत ते विचार. शस्त्रक्रियेनंतर त्याचा क्रमांक असलेले कार्ड मिळते; ते फाइलमध्ये ठेव आणि त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये असू दे.

तुझी,
मावशी