पायथॉन येतं, पण विंडो-बटणवाली ॲप्स बनवायला कुठून सुरू करू?

टीकिंटरपासून कर, म्हणजे विंडो-बटणं बनवायची लायब्ररी. पायथॉनसोबतच येतं (लिनक्सवर कधी कधी वेगळं टाकावं लागतं), दिसायला जुनाट आहे मान्य, पण शिकायला तेच बरं. आधी कागदावर स्क्रीन काढ, कुठे काय टाइप करायचं, चुकलं तर मेसेज कुठे दिसणार वगैरे. मी थेट कोडला बसलो आणि दुकानाच्या उधारीची साधी वही बनवताना चारदा सगळं पाडून परत बांधलं.

खरी गोची इव्हेंट लूपची. आपल्याला सवय वरून खाली चालणाऱ्या प्रोग्रामची, इथे मात्र मेनलूप (टीकिंटरचा इव्हेंट लूप) वाट बघत बसतो, क्लिक झालं की तुझं फंक्शन चालवतो, आणि त्या फंक्शनात तू ५ सेकंदांचा स्लीप टाकलास तर तेवढा वेळ अख्खी विंडो गोठते, म्हणून स्लीपऐवजी टीकिंटरचं आफ्टर वापर, ते ठरावीक वेळाने फंक्शन चालवतं, त्याला ५००० मिलिसेकंद आणि पुढच्या फंक्शनचं नाव दे. आणि हो, बटणाच्या कमांडलाही नुसतं नावच द्यायचं, पुढे कंस टाकलास की ते बटण बनतानाच एकदा चालून जातं, नंतर दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म! पॅक आणि ग्रिड (बटणं वगैरे विंडोत मांडायच्या दोन पद्धती) एकाच फ्रेममध्ये, म्हणजे विंडोतल्या एकाच चौकटीत, मिसळू नको, एरर येतो. क्यूटी, म्हणजे अशीच दुसरी लायब्ररी, नंतर बघ.