देव न मानणाऱ्या विद्यार्थ्याने काय वाचावं? वाचनाने तुमचे विचार कसे बदलत गेले?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, देव मानत नाही, स्वतःला मानवतावादी म्हणावंसं वाटतं आणि त्यावरून घरी रोज खटके उडतात. मी पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे आणि आमचं घर माळकरी आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला. पुस्तकांची नावं सांगतेच. पण वाचता वाचता माझा मूळ प्रश्नच कसा बदलला, ते आधी सांगते. सुरुवातीला मला फक्त एवढंच हवं होतं की देव आहे की नाही याचा निकाल लागावा. आता मी आधी विचारते की देवाच्या नावाने कुणाच्या वाट्याला काय येतंय.

अकरावीत आगरकर हाती लागले. तालुक्याच्या वाचनालयात त्यांचे निबंध होते, बांधणी सुटलेली, पानं पिवळी पडलेली. टेंभूचा हा गरीब घरातला मुलगा मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचतो, एम.ए. होतो आणि आईला कळवतो की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून बाकीचा वेळ मी लोकांसाठी देणार आहे. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. त्या वयात मला त्यांच्या वाक्यांची धार आवडली. सोवळं, केशवपन, बालविवाह, सुतक, ज्याला हात घालतील त्याला ‘का?’ विचारणार आणि उत्तर मिळेपर्यंत सोडणार नाहीत. पाठोपाठ भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ वाचला. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना लिहिलेला. मरण जवळ आल्यावर माणूस देवाकडे वळतोच, असं जे सगळे ठामपणे सांगतात, त्याला मला तिथे उत्तर मिळालं.

हे दोघं आधी वाचा. भीती जाते. एकटं पडल्यासारखं वाटत नाही.

पुढचा बदल मात्र पुस्तकाने घडवला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा, २० ऑगस्ट २०१३ ला, मी शाळेत होते आणि ते नाव घरात फक्त बातमी म्हणून आलं होतं. कॉलेजात गेल्यावर त्यांची पुस्तकं वाचली आणि मग एका सुट्टीत गावी जट काढण्याच्या कामाला एका कार्यकर्तीसोबत गेले. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या केसांत कित्येक वर्षं जट होती. देवीची आहे, कापली तर कोप होईल, या भीतीने त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. कार्यकर्ती आधी दोन-तीनदा नुसतीच येऊन बसून गेली होती. चहा प्यायली, मान किती दुखते ते विचारलं, झोप लागते का ते विचारलं. कापायच्या दिवशी जट कोमट पाण्याने भिजवून मऊ केली, मुळाशी बोटं घालून कातडी कुठे संपते ते चाचपलं आणि कात्रीने थोडं थोडं कापत गेली. काकू डोळे मिटून देवीचं नाव घेत होत्या. तिने त्यांना थांबवलं नाही. शेवटचा भाग सुटला तेव्हा म्हणाली, “काकू, मान हलवून बघा.” काकूंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि रडायला लागल्या.

त्या सगळ्या वेळात देव आहे की नाही हा विषय एकदाही निघाला नाही. मी मात्र युक्तिवादांची पूर्ण तयारी करून गेले होते! दाभोलकर वारंवार सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, शोषणाला आहे. ते मी आधी वाचलेलं होतंच, पण तोवर मला ती सभेत बोलायची सोय वाटायची. त्या दिवशी पटलं की कामच त्या वाक्यावर उभं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मिळवून मुळातून वाचा, मोजक्या पानांचा आहे. अंगात आल्याचं सांगून लुबाडणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साप चावला असताना दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, असले प्रकार त्यात गुन्हे ठरवले आहेत. आणि प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलंय. मी ते कलम आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, “मग यात वाईट काय आहे गं? तुकोबा वेगळं काय सांगत होते?” आणि तिने लगेच ‘नवसें कन्यापुत्र होती, तरी का करणें लागे पती’ म्हणून दाखवलं. आमच्या घरात या विषयावर पहिल्यांदाच शांतपणे बोलणं झालं ते त्या दिवशी.

मग फुले. इथे मी जास्त वेळ रेंगाळले आणि अजून रेंगाळते आहे. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलं. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते छापलं गेलं. फुले नास्तिक नव्हते. ते ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. नास्तिकतेचा कस लावून वाचलं तर ते आगरकरांच्या मागे पडतात. पण त्या पुस्तकात एका कुटुंबाचं वर्णन आहे. घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून पटलं तर बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं आणि या सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने नांदावं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात बसून हे लिहिलंय. त्यात बाईला स्वतः वाचून स्वतः ठरवायचा हक्क आहे, मुलीलाही आहे, आणि मतभेदामुळे कुणाला घर सोडावं लागत नाही. मानवतावादावर जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी एम.ए.साठी वाचली, पण या परिच्छेदाइतकं नेमकं काही मला त्यांत सापडलं नाही. समग्र वाङ्मयाचा खंड शासकीय ग्रंथागारात अगदी स्वस्त मिळतो, जरूर घ्या.

याच काळात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही वाचले. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नाही, हे त्यांनी ज्या सडेतोडपणे लिहिलं त्याला आजही तोड नाही. रत्नागिरीत जातिभेदाविरुद्ध त्यांनी केलेलं कामही खरं आहे. पण ज्याची पुण्यभू, म्हणजे धर्माची पवित्र भूमी, इथली नाही तो हिंदू राष्ट्राचा नाही, ही ‘हिंदुत्व’ या पुस्तकातली मांडणीही त्यांचीच. ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचल्यावर माझ्या मनात पक्कं बसलं की पोथी नाकारणारी बुद्धी माणसामाणसांत भिंत घालायलाही तितकीच तत्पर असू शकते. बुद्धिवादी असणं मला तेव्हापासून अपुरं वाटतं.

हमीद दलवाई तुम्ही वाचालच, वाचायलाच हवेत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मुस्लिम समाजसुधारक. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाकविरुद्ध. सातच बायका! सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तीन तलाक अवैध ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. १९७० साली दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा नावात ‘सत्यशोधक’ हा फुल्यांचाच शब्द घेतला. फक्त एक विनंती आहे. तुमचा जन्म हिंदू घरातला असेल तर दलवाईंची वाक्यं मुसलमानांना मारायचे दगड म्हणून वापरू नका. त्यांनी टीका केली ती आपल्याच लोकांवर, आपल्याच लोकांसाठी, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. तुमची-माझी टीकाही आपल्या घरापासून सुरू व्हायला हवी.

मानवेंद्रनाथ रॉय थोडे पुढे ढकलले तरी चालतील, जड जातात. पण त्यांचा जीवनपट नक्की वाचा. बंगालचा सशस्त्र क्रांतिकारक, मग लेनिनच्या काळातला आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट, मग नवमानवतावादी. आणि १९४८ मध्ये स्वतः काढलेला पक्ष स्वतःच बरखास्त करणारा नेता. मत बदललं की लोक धरसोड म्हणतात, त्यांच्यासाठी हे उदाहरण जवळ ठेवण्यासारखं आहे. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याच प्रभावळीतले. वेदशास्त्र शिकलेल्या माणसाने ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली, हे तुमच्या घरच्यांना सांगून पाहा. परंपरेची चिकित्सा करायला परंपरा आधी समजून घ्यावी लागते, हे मी त्यांच्याकडून घेतलं आणि त्यामुळेच ज्ञानेश्वरी पुन्हा, यावेळी सावकाश, वाचायला काढली.

आता घरच्या खटक्यांचं. आमच्याकडे सत्यनारायण होतो. मी पूजेला बसत नाही, तीर्थ घेत नाही आणि हे मी आईला आदल्या रात्रीच सांगते, पाहुण्यांसमोर नाही. पण शिरा भाजायला मीच उभी राहते, येणाऱ्या बायकांची ताटं मीच वाढते. वडिलांना सुरुवातीला हे ढोंग वाटलं. मी म्हटलं, “अण्णा, माझं न पटणं पूजेपुरतं आहे. आलेल्या माणसांशी माझं काही भांडण नाही.” एक अट मात्र मी घातली आणि ती पाळली जाते: शेजारच्या विधवा आत्यांनाही हळदीकुंकवाला बोलवायचं आणि त्यांनाही कुंकू लावायचं. पहिल्या वर्षी दोघीजणी उठून गेल्या. आत्या बसून राहिल्या.

सध्या माझ्या टेबलावर बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये आलेला. त्यात ते सांगतात की धर्माला जगाची उत्पत्ती सांगायची असते आणि धम्माला जगाची पुनर्रचना करायची असते. ईश्वर नको, आत्मा नको, कर्मकांड नको, इथवर मी त्यांच्यासोबत चालत जाते. पण एवढा कठोर बुद्धिवादी माणूस १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह दीक्षा घेतो. संविधान, कायदा आणि शिक्षण हाताशी असताना त्याला धम्मही लागतो. का? शतकानुशतकं माणूसपण नाकारलेल्यांना नुसतं ‘देव नाही’ एवढं सांगून भागत नाही, इतकं मला उमजलंय. त्यापुढचं अजून सुटलेलं नाही. तुम्ही तो ग्रंथ हाती घ्याल तेव्हा इथेच खाली लिहा, मला या मुद्द्यावर तुमचं मत हवं आहे.