जुने टेडी, नवे टाके : वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळा सरून माळ्यावरची खोकी खाली उतरू लागली की जुन्या टेडींविषयीची पत्रे एकदम वाढतात. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझ्या काकांनी 1960 च्या दशकात लंडनहून आणलेला टेडी आमच्याकडे आहे. त्याला लेबल नाही, कानात बटण नाही. घरातली मंडळी तो जर्मनीच्या स्टाइफ कंपनीचा असल्याचे सांगतात. खरे काय ते कसे ओळखावे?

उत्तर : लेबल नसलेल्या टेडीच्या बाबतीत कंपनीचे नाव शेवटी शोधायचे असते. आधी वय ठरवायचे, आणि वय सांगतात ते कापड, डोळे व आतले भरण. स्टाइफ कंपनी 1904 पासून आपल्या खेळण्यांच्या डाव्या कानात धातूचे बटण लावत आली आहे. परंतु मूल ते गिळेल या धास्तीने अनेक घरांत ते उपटून टाकले गेले, त्यामुळे बटण नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डाव्या कानावर बारीक छिद्र किंवा गंजाचा डाग आहे का, हे मात्र भिंगाखाली पाहून घ्यावे. उलट बाजूही ध्यानात असू द्या : बटण सुटे मिळते आणि कोणत्याही कानात ठोकता येते. म्हणून केवळ बटणाच्या जोरावर ‘व्हिंटेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टेडीकडे मी संशयानेच पाहतो.

जुन्या चांगल्या टेडीचे कापड मोहेरचे असते, म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे केस सुती पायावर विणून केलेले. शिवणीच्या आतून एक-दोन तंतू चिमट्याने काढून, टेडीपासून दूर नेऊन, ज्योतीला लावावेत. मोहेर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर ते वितळून त्याचा टणक मणी होतो. दुसरी परीक्षा नोटा तपासण्याच्या जांभळ्या टॉर्चची. साधारण 1950 नंतरच्या अनेक कृत्रिम धाग्यांत उजळपणा आणणारी रसायने असतात आणि अंधारात त्या प्रकाशाखाली ती निळसर पांढरी चमकतात. मात्र टेडी कधीकाळी कपड्यांच्या पावडरीने धुतला गेला असेल, तर पावडरीतल्या तशाच रसायनांमुळे अस्सल मोहेरही चमकते. तेव्हा या एका परीक्षेवर निकाल देऊ नये.

अगदी सुरुवातीच्या टेडींना बुटाच्या बटणांसारखे काळे डोळे असत, नंतर काचेचे आले आणि 1950 च्या दशकापासून प्लास्टिकचे रूढ झाले. पोट दाबल्यावर आत कुरकुर जाणवली आणि अंग टणक लागले, तर भरण लाकडाच्या बारीक तंतूंचे आहे. टेडी आकाराच्या मानाने हलका आणि मऊ असेल, तर कपोकचे, म्हणजे पांढऱ्या सावरीच्या कापसाचे. देहयष्टीही बोलते. लांब हात, पुढे आलेले नाक आणि पाठीवरचा उंचवटा ही पहिल्या काही दशकांची ठेवण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हात आखूड आणि चेहरे चपटे होत गेले.

लंडनहून त्या दशकात आलेला टेडी जर्मन असण्यापेक्षा इंग्लिश असण्याचा संभव अधिक, आणि त्यात खट्टू होण्यासारखे काही नाही. चॅड व्हॅली, चिल्टर्न, मेरीथॉट या कंपन्यांचे काम उत्तम होते. पायाचा तळवा आणि बगलेखालची शिवण तपासा. कापून टाकलेल्या लेबलाची कड किंवा धागे तेथे राहिलेले असतात. लेबलाचा तुकडा वाचता आला तर फारच बरे : चॅड व्हॅलीला 1938 मध्ये राणीच्या नावाचा राजमान्यतेचा मान मिळाला, आणि 1953 पासून त्याच लेबलावर ‘क्वीन मदर’ (राजमाता) असा उल्लेख येऊ लागला. ‘चॅड व्हॅली चिल्टर्न’ अशी जोड दिसली, तर टेडी 1967 नंतरचा, कारण त्या वर्षी या दोन कंपन्या एक झाल्या. आणि तुमच्या टेडीला सांधेच नसतील, तो नायलॉनचा व आत फोमचा असेल, तर वेल्समधल्या वेंडी बॉस्टन कंपनीचे नाव आधी तपासावे. यंत्रात धुता येणारा टेडी तिने 1954 मध्ये बाजारात आणला होता.

प्रश्न (चरई, ठाणे) : आमच्या पणजोबांना एका इंग्रज साहेबाने 1895 मध्ये टेडी भेट दिला होता, असे घरात सांगतात. हे शक्य आहे का?

उत्तर : खेळण्यातले अस्वल असू शकेल, टेडी नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नोव्हेंबर 1902 मध्ये मिसिसिपीत शिकारीच्या वेळी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले आणि ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिक्टम यांनी रूझवेल्ट यांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावाने अस्वल विकायला ठेवले. जर्मनीत रिचर्ड स्टाइफ यांनी हलते हातपाय असलेले अस्वल त्याच सुमारास तयार केले. त्यामुळे 1895 हे साल बाजूला ठेवून वर दिलेल्या परीक्षा करून पाहाव्यात. घरातल्या आठवणीत भेट खरी आणि साल सरकलेले, असे पुष्कळदा आढळते.

प्रश्न (नेरुळ, नवी मुंबई) : आईच्या लहानपणीच्या टेडीला यंदा बुरशीचा वास येतो आहे, पाठीवर पांढरट ठिपके आहेत आणि एका ठिकाणी केस खाल्ल्यासारखे दिसतात. वॉशिंग मशीनमध्ये मऊ कपड्यांच्या सेटिंगवर धुतला तर चालेल का?

उत्तर : कृपया धुऊ नका. हाताने, बादलीतही नको. लाकडी तंतू पाणी पितात, फुगतात आणि आतल्या आत कुजतात. सांध्यांतल्या पुठ्ठ्याच्या चकत्यांचा लगदा होतो. लोखंडी पिना गंजून तो गंज कापडावर उतरतो. बाहेरून टेडी आठवड्यात वाळल्यासारखा वाटतो, पण आतला ओलावा आपल्या हवेत महिनाभरसुद्धा हटत नाही. खाडीकाठच्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला साधारण 65 टक्के पुरतात, हा हिशेब लक्षात घेतला की साफसफाईचे काम पाऊस थांबल्यावरच का करायचे, ते कळेल.

आधी कीड. केस खाल्लेले दिसतात तेथे कसर लागली आहे असे धरून चालावे. टेडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून हवा काढून टाकावी, पिशवी घट्ट बंद करावी आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कापडावर दव साचून आणखी बुरशी येईल. त्यानंतर सुक्या, वाऱ्याच्या सावलीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने ठिपके झाडावेत. झाडलेली बुरशी घरात उडता कामा नये, म्हणून हे गच्चीत किंवा बाल्कनीत करावे. कडक उन्हाचा मोह आवरावा, कारण रंग उडतो आणि केस ठिसूळ होतात. धूळ काढण्यासाठी व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर मच्छरदाणीचे कापड बांधून कमीत कमी ओढीवर फिरवावा. एवढे करूनही मळ राहिला तर लहान मुलांच्या शाम्पूचा नुसता फेस कापडाच्या बोळ्याने केसांच्या टोकांवर फिरवावा आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने लगेच टिपून घ्यावा. ओल कापडाच्या पायापर्यंत पोहोचू देऊ नये.

डांबरगोळ्यांविषयी बऱ्याच जणांनी विचारले आहे. मी त्या वापरत नाही. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते आणि तान्ह्या बाळांना, विशेषतः जन्मतः जी-सिक्स-पीडी या, लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असलेल्यांना, त्या वाफेचा खरा धोका असतो. सुती पिशवीत टेडी, बाहेर झाकणाचा डबा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडून पाहणे, हे पुरेसे आहे.

प्रश्न (वाशी, नवी मुंबई) : टेडीचा एक हात लोंबतो, मान गरगर फिरते आणि तळव्यातून भुसा गळतो. हात कायमचा शिवून टाकावा का?

उत्तर : अंगाला शिवून टाकलेला हात हलत नाही आणि पुढे त्या टाक्यांनी कापड फाटते. सांधा म्हणजे दोन चकत्या आणि त्यांतून जाणारी दुहेरी पिन; पिनेचे दोन्ही पाय वळवून चकत्या आवळलेल्या असतात. हे पाय सैल झाले की हात लोंबतो. पाठीची, हाताने घातलेली शेवटची शिवण तेवढीच उसवावी. यंत्राच्या शिवणीला हात लावू नये. भरण कागदी पिशवीत काढून ठेवावे, कारण तेच परत भरायचे आहे. चकत्या शाबूत असतील तर नोज प्लायरने पिनेचा एकेक पाय पुन्हा बाहेरच्या बाजूला घट्ट वळवला की काम होते. पिन गंजून गेली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात ‘स्प्लिट पिन’ मागावी, आणि पुठ्ठा मोडला असेल तर 3 मिलिमीटर हार्डबोर्डची त्याच मापाची चकती कापावी. मानेचा सांधाही असाच, फक्त त्याच्याभोवती डोक्याचे कापड चुणून बांधलेले असते. ती चूण उसवण्याआधी फोटो काढून ठेवावा.

तळव्याचे जुने फेल्ट काढून टाकू नये. त्याच्यावर मिळत्या रंगाचे लोकरी फेल्ट ठेवून कडेने बारीक टाके घालावेत. मूळ तळवा खाली तसाच राहतो आणि उद्या कुणाला ते पाहायचे झाल्यास टाके उसवून पाहता येतो. फेविकॉल किंवा गरम गोंदाची बंदूक जुन्या टेडीजवळ आणूच नये, कारण वाळलेला गोंद कापडासकट निघतो. दोरा सुती घ्यावा. कापडापेक्षा दोरा बळकट असला, तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटते.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) : दीड वर्षाच्या नातीसाठी मला स्वतः टेडी शिवायचा आहे. मोहेर आणि काचेचे डोळे कुठे मिळतील?

उत्तर : तिच्यासाठी दोन्ही नकोत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या टेडीला डोळे आणि नाक दोऱ्याने भरलेलेच असावेत. मागून चकती बसवलेले ‘सेफ्टी’ डोळेसुद्धा या वयाला मी लावत नाही. कापड म्हणून जाड सुती फ्लॅनेल किंवा आखूड केसांचे प्लश घ्यावे आणि भरायला धुता येणारा पॉलिस्टर फायबर. सांधेही टाळावेत.

आकार 30 ते 35 सेंटिमीटर ठेवा. लहान टेडी सोपा वाटतो, पण उलटताना बोटे अडतात. डोके तीन तुकड्यांचे करावे, दोन बाजू आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी, कारण चेहऱ्याला उठाव त्या पट्टीनेच येतो. सगळ्या तुकड्यांवर केसांची दिशा बाणाने आखावी आणि कात्रीचे टोक फक्त पायाच्या कापडातून सरकवावे, म्हणजे केस कापले जात नाहीत. शिवणीत अडकलेले केस उलटल्यावर सुईने ओढून बाहेर काढले की शिवण दिसेनाशी होते. भरताना सुरुवात नाकाच्या टोकापासून, चिमूट चिमूट, दाबून करावी. नाक पोकळ राहिले तर चेहरा काही केल्या जमत नाही.

प्रश्न (बेलापूर, नवी मुंबई) : आमचा महिला गट हाताने शिवलेले टेडी प्रदर्शनात विकतो. परवाना लागतो का?

उत्तर : 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि कापडी खेळणीही त्यात येतात. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा गटातील शिवणाऱ्या प्रत्येकीने आधी कारागीर ओळखपत्रासाठी अर्ज करावा, आणि ते हाती येईपर्यंत मुलांसाठी म्हणून विक्री करू नये.