मॉडेल विमानाची घासलेली, दुधाळ झालेली कॅनपी पुन्हा काचेसारखी चकचकीत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की १/७२ मापाच्या सुखोई-३० एमकेआयच्या कॅनपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर, मधोमध साच्याची रेघ होती, ती घासल्यावर प्लॅस्टिक दुधाळ झालं आणि वरून क्लिअर लॅकरचा स्प्रे मारल्यावर आणखीच पांढुरकं दिसायला लागलं. माझ्या पहिल्या सुखोईचं अगदी हेच झालं होतं. राहायला पुण्यात, लोहगावहून उडालेली खरी सुखोई अधूनमधून डोक्यावरून जायची, आणि टेबलावरची माझी मात्र मोतीबिंदू झाल्यासारखी!

ती रेघ किटातला दोष नव्हे. सुखोईची कॅनपी बुडाशी आत वळते, म्हणजे फुगा खाली किंचित दाबल्यासारखी. असा आकार दोन भागांच्या साच्यातून सुटत नाही, म्हणून साचा तीन भागांचा करतात आणि जोडाची रेघ बरोबर डोक्यावर उमटते. एफ-१६च्या अनेक किटांतही ती असते. काढायलाच लागते.

घासलेलं प्लॅस्टिक पांढरं दिसतं ते ओरखड्यांमुळे. प्रत्येक ओरखड्यात हवा असते आणि तिथे प्रकाश विखुरतो. म्हणून कुठलाही लेप लावण्याआधी मी एकच परीक्षा घेतो: कॅनपीवर पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबाखालचा भाग स्वच्छ दिसला, तर ओरखडे पुरेसे बारीक झालेत आणि लेप ते भरून काढेल. थेंबाखालीही रेघा दिसल्या, तर अजून घासायचंय. पाण्यापेक्षा ॲक्रिलिकचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, (१.४९) कॅनपीच्या पॉलिस्टायरीनच्या (१.५९) जास्त जवळ आहे, त्यामुळे थेंबाला जे जमतं ते लेपाला जमतंच.

घासायला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, तोही ओलाच. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. १०००, १५००, २०००, ३००० असा चढत जा. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा फिरवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. नंबर गाळलात तर शेवटी पस्तावाल. मी १००० वरून थेट ३००० वर उडी मारून एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली आहे. जोर लावू नका, हे पारदर्शक प्लॅस्टिक ठिसूळ असतं, कड तडकते. मग पॉलिशिंग कंपाउंड. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचं कोर्स, फाईन आणि फिनिश अशा तीन प्रतींत मिळतं. नाहीतर साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको. चष्म्याच्या फडक्याने गोल गोल, अर्धा तास तरी. खरं सांगायचं तर ऐंशी टक्के चकाकी इथेच येते.

आता लेप. परदेशातले जुने मॉडेलवाले यासाठी फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश वापरायचे; अमेरिकेत ते 'फ्यूचर' आणि ब्रिटनमध्ये 'क्लिअर' म्हणून ओळखलं जायचं. ते आता बंद झालंय. मॉडेलच्या रंगवाल्यांचं पाण्यावर आधारित ग्लॉस ॲक्रिलिक चालतं, फक्त आधी स्प्रूच्या, म्हणजे किटातले भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, पारदर्शक तुकड्यावर लावून बघा. कॅनपी भांड्यांच्या साबणाने धुवा, पण कोरड्या फडक्याने पुसू नका. घासलं की स्थिर वीज येते आणि धूळ धावत येऊन चिकटते. चिमट्यात धरून लेपात बुडवा, सावकाश वर काढा, खालची कड टिश्यूला टेकवून जादाचा थेंब उतरू द्या. वर डबा पालथा घाला आणि दोन दिवस विसरून जा. मध्येच डबा उचलून बघायचा मोह होतो, मलाही होतो.

हा लेप मास्किंगच्या, म्हणजे रंगवताना काच टेपने झाकण्याच्या, आधीच द्या. सुपरग्लूच्या वाफेने कॅनपी आतून पांढरी पडते, त्यापासूनही तो बराच बचाव करतो. तरी कॅनपी चिकटवायला मी फेव्हिकॉलच घेतो. सुकल्यावर दिसत नाही आणि ओल्या कापसाने पुसता येतो. कॅनपीच्या चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग, मग बाहेरचा. शेवटचा मॅट लेप टेप काढण्याआधी.

राहिली तुमची आत्ताची कॅनपी. पावसाळ्यात लॅकर सुकताना हवेतलं बाष्प त्यात अडकतं आणि पांढरी झाक येते. ती असेल तर २००० च्या ओल्या पेपरने लॅकर उतरवा आणि वरचं सगळं पुन्हा करा. लॅकर काढायला थिनर मात्र अजिबात लावू नका, कॅनपीच विरघळेल. पण कॅनपी दिव्यासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात का, तेही बघा. लॅकरमधल्या द्रावकाने प्लॅस्टिकच खाल्लं असेल तर थेंबाखालीही त्या भेगा तशाच राहतील. मग घासत बसू नका, बदली कॅनपी मागवा, किंवा सगळी कॅनपी अपारदर्शक रंगवून विमान ताडपत्रीखाली उभं आहे असं दाखवा. मी त्या पहिल्या सुखोईचं तेच केलं.