पांढरी तीनवरून काळी एकवर

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल (वजनदार, गडगडाटी रॉक) बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्यावर मागच्या महिन्यात लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग आला. काही प्रश्न गिटारचे, काही घरातल्या भांडणांचे. जमतील तेवढे घेतो.

भोसरीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. मुलगा म्हणतो, पत्र्याच्या कारखान्यात एकाची बोटं तुटली आणि त्यातून हेवी मेटल जन्मलं. खरं की थाप?

बोटं तुटली हे शंभर टक्के खरं. आयोमी 1948 सालचा, बर्मिंगहॅमचा. सतराव्या वर्षी तो तिथल्या एका पत्रा-कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरीचा तो शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. प्रेसवरचं माणूस त्या दिवशी आलेलं नव्हतं, म्हणून याला तिथं उभं केलं होतं. प्रेस हातावर आला, त्यानं झटक्यात हात मागे ओढला आणि मधलं बोट व अनामिका यांची टोकं तिथंच राहिली. हात उजवा. पण गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. न शिकवता प्रेसवर उभं केलं कुणी, हा प्रश्न तुम्हाला माझ्याआधी पडला असेल.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो युरोपभर गाजला. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची गोळी केली, गरम सोल्डरिंग आयर्ननं भोक पाडलं, घासून घासून बोटाच्या आकारात आणली आणि वरून जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. शिंप्याचं अंगुस्तान असतं, तसंच काहीसं.

अंगुस्तान घातलं की तार बोटाला कळत नाही. दाब किती पडतोय ते कानानं ओळखावं लागतं. जाड तारा वाकवणं अशक्य झालं म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. दोन-तीन सुरांचे सुटसुटीत कॉर्ड आणि त्यावर रुळणारे ठसठशीत रिफ, म्हणजे परत परत येणाऱ्या छोट्या सुरावटी, हा त्याचा बाणा झाला. यात अपघाताचा वाटा आहे. पण गीझर बटलरची बास गिटार, बिल वॉर्डचे ड्रम आणि ऑझी ऑस्बॉर्नचा तो रडवेला उंच आवाज नसता, तर नुसत्या तुटक्या बोटांतून काही निघालं नसतं. तेव्हा मुलाशी बोलताना ‘बोटं गेली ते बरंच झालं’ असा सूर तेवढा लागू देऊ नका.

सॅबथच्या तिसऱ्या अल्बमसारखा आवाज हवा म्हणून गिटारचा सूर खाली उतरवला, तर तारा नुसत्या फडफडतात. गिटार खराब आहे का? – एक वाचक, सांगली

गिटार ठीक असेल, तारा चुकल्या. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त आयोमीनं बऱ्याच गाण्यांना गिटार तीन पट्ट्या उतरवली. पेटीच्या भाषेत सांगायचं, तर सर्वांत जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. आपल्याकडचे किती तरी पुरुष गायक ज्या पट्टीत गातात, तीच ही पट्टी. गंमत वाटते मला याची.

सूर उतरला की ताण घटतो. ताण घटला की बोटांना आराम, आयोमीला तेच हवं होतं. पण ढिली तार जास्त हलते आणि फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते. तंबोऱ्यात त्या झणकाराला जवारी म्हणून कौतुक मिळतं, गिटारवर शिव्या मिळतात. म्हणून खालच्या सुराला जाड संच लावा. साध्या दहाच्या संचाऐवजी अकराचा किंवा बाराचा (आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी). जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत नीट बसते का ते पाहा, अडकत असेल तर खाच कारागिराकडूनच रुंद करून घ्या. ताण बदलला की गिटारची मान हलते, म्हणजे पुन्हा सेटअप, म्हणजे सगळी जुळवणी, आलीच. आयोमी बारीक तारांवरच हे करायचा हे खरं, पण त्याचा हात फार हलका होता. तुम्ही पिक केवढ्यानं मारता ते ऐकल्याशिवाय मला सांगता यायचं नाही.

सासूबाई म्हणतात हे सैतानाचं संगीत. काय उत्तर देऊ? – डोंबिवली

सासूबाईंना पेटीवर सा धरायला सांगा आणि मग तीव्र मध्यम. यमन शिकलेल्या कुठल्याही मुलीला तो ओळखीचा. युरोपात सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला ‘संगीतातला सैतान’ असं नाव पडलं. चर्चनं त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट मात्र पुढं कुणी तरी रंगवलेली.

बँडच्या नावाचं जे गाणं आहे, त्याचा रिफ तीन सुरांचा: सा, वरचा सा, आणि मग तीव्र म, थरथरता. बटलर बासवर गुस्ताव होल्स्टची मंगळावरची रचना वाजवत बसायचा, त्यातून आयोमीला हे सुचलं. यमनमध्ये तीव्र मध्यमाला गंधार-पंचमाची सोबत असते, म्हणून तो गोड लागतो. इथं त्याला एकटं सोडलंय, म्हणून भीती वाटते. नावही बोरिस कार्लॉफच्या एका भयपटावरून घेतलेलं. बँडच्या गळ्यातले ते क्रॉस ऑझीच्या वडिलांनी स्वतः बनवून दिलेले, आणि तिसऱ्याच अल्बमात देवावर श्रद्धा ठेवा असं सांगणारं एक गाणं आहे. एवढं सांगूनही सासूबाई ऐकणार नाहीत. हेडफोन घ्या.

मेटलचे चाहते दोन बोटांची शिंगं दाखवतात, ती कुणाची?

ती गाजवली गायक रॉनी जेम्स डिओनं. 1979 मध्ये ऑझीला काढल्यावर तो सॅबथमध्ये आला. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ही खूण करायची. आपण मीठ-मिरच्या ओवाळतो तसं.

मी डावखुरी आहे. सर म्हणतात उजवीच गिटार शीक.

पहिल्या वर्षात असाल तर सरांचं ऐकायला हरकत नाही. डाव्या गिटारी महाग आणि दुकानात शोधूनही सापडत नाहीत. आयोमीला गिब्सन कंपनीची एसजी ही उजवी गिटार उलटी धरून वाजवावी लागली. मग त्याला असा माणूस भेटला जो उजवा असून डावी एसजी उलटी वाजवत होता. दोघांनी अदलाबदल केली! अपघातानंतर आपण बाजू बदलायला हवी होती, असंही तो पुढं म्हणाला आहे. पण हात बसला असेल, तर कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोडून बँड करू?

नाही. आता कारण ऐक. सॅबथचा पहिला अल्बम जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि 13 फेब्रुवारी 1970 ला बाहेर आला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी घेतला. त्याच वर्षी दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढची कुणी वाचत नाही. 1980 च्या दशकात गायकामागून गायक बदलले, जुने सोबती गेले, मुळातला उरला फक्त आयोमी. 1986 चा अल्बम त्यानं एकट्याच्या नावावर करायला घेतला होता, कंपनीनं बँडचं नाव चिकटवून विकला. 2012 च्या सुरुवातीला त्याला लिम्फोमा हा कॅन्सर निघाला. उपचारांच्या तारखा सांभाळत त्यानं काम केलं, आणि 2013 चा अल्बम ब्रिटनमध्ये पुन्हा पहिला आला, तब्बल 43 वर्षांनी. 2017 मध्ये बर्मिंगहॅमला निरोपाचा कार्यक्रम झाला. 5 जुलै 2025 ला तिथल्याच व्हिला पार्क स्टेडियमवर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. सतरा दिवसांनी ऑझी गेला.

एवढा लांब रस्ता चालायचा, तर पोटाची सोय आधी हवी. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा साहिल मखिजा मेटल गातो आणि स्वयंपाकाचा चॅनेलही चालवतो. तू डिग्री घे, रविवारी तालीम कर.

आयोमी अजून ती अंगुस्तानं घालतो?

घालतो. आता टोप्या हॉस्पिटलात बनवून घेतल्यात, वरचं चामडं मात्र अजून त्याच जुन्या जॅकेटचं. थोडंच उरलंय म्हणे.